तालुक्याच्या वाचनालयातून शोधगंगा, जेस्टोर, ई-पुस्तकं : काय उघडतं, काय उघडत नाही

कपाट नंबर सात

नमस्कार मंडळी. या संकेतस्थळावर चार वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. लांबला तर सांभाळून घ्या.

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. वाचनालय ‘ब’ वर्गातलं. देवघेव मी, दाखल नोंदवही मी, शिपाईमामांचे गुडघे दुखत असले की शिडीवरही मीच. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ अशी वेळ. वैशाखात मधल्या वेळात घरी जायचं म्हणजे डोक्यावर ४५ अंश घेऊन जायचं. म्हणून मी तिथेच कूलरसमोर बसते आणि एका वर्गणीदारांनी दिलेला जुना संगणक चालवते. हा सगळा उद्योग त्या दुपारांतला.

सुरुवात केळीने झाली. आमचे एक आप्पा रोज पेपर वाचायला येतात, बाग रावेरच्या बाजूला. गेल्या पावसाळ्यात ते पेपरात गुंडाळून केळीचं पान घेऊन आले. पानावर पिवळे पट्टे, कोवळं पान मुडपलेलं. म्हणाले, “ताई, हरण्यावर काही पुस्तक आहे का?”

केळी लागवडीचं एक पुस्तक कपाटात होतं, त्यात रोगावर दीड ओळ. मग संगणकावर ‘हरण्या रोग’ टाकलं. बातम्याच बातम्या : अमुक इतकं नुकसान, तमुक मागणी. काय करायचं ते कुठेच नाही. दोन दुपारी त्यातच गेल्या. तिसऱ्या दिवशी एका बातमीच्या शेवटी ‘कुकुंबर मोझॅक व्हायरस’ हे नाव सापडलं. ते इंग्रजीत टाकलं आणि दार उघडलं. कृषिकोश म्हणून भारतीय कृषी संशोधन परिषदेचं भांडार आहे, कृषी विद्यापीठांतले प्रबंध तिथे ठेवतात. तिरुचिरापल्लीला केळीचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, त्यांचीही माहितीपत्रकं मिळाली. विषाणू मावा पसरवतो, झाड बरं होत नाही, उपटून नष्ट करावं लागतं, आणि काकडी-भोपळ्यापासून मिरची-टोमॅटोपर्यंत कितीतरी पिकांत हाच विषाणू राहतो. आप्पांनी केळीच्या ओळींमध्ये काकडी लावलेली होती.

एका लेखाच्या प्रास्ताविकात तर असं निघालं की भारतात केळीवरच्या या रोगाची पहिली नोंद १९४३ सालची, आणि ती खानदेशातली. मी आप्पांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे बापाच्या बागेतही होता. तो म्हणे नजर लागली.”

तेव्हापासून मला एक नाद लागला. वाचक ज्या नावाने विचारतो त्या नावाने नोंद झालेली नसते. नोंद करणारा कुणीतरी लांबचा, त्याने त्याच्या तोंडचं नाव दिलेलं. आपल्या जिल्ह्याचंच घ्या. १८८० साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १२ वा खंड खानदेशावर निघाला, तो इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे. पण त्यात धुळे शोधाल तर मिळणार नाही, ‘धुलिया’ शोधावं लागतं. त्याच्याही आधीची कंपनी सरकारची कागदपत्रं हवी असतील तर खानदेश ‘के’ने नाही, ‘सी’ने सुरू होतो, आणि शेवटी ‘डी-ई-आय-एस-एच’. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एका तळटिपेत दिसलं. १९०६ नंतर जिल्हा पूर्व आणि पश्चिम असा फुटला, म्हणून मधल्या पन्नास वर्षांच्या जनगणना पुस्तिका ‘ईस्ट खानदेश’ नावाखाली आहेत. जळगाव टाकून काही येत नाही म्हणून मी कितीतरी दिवस त्या नाहीतच असं समजत होते.

आता बंद दारं. महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ आहे, हजारो नियतकालिकं आणि लाखो ई-पुस्तकं. सार्वजनिक वाचनालयाला प्रवेश नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ योजना सुरू झाली, तीन वर्षांसाठी ६००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार नियतकालिकं. बातमी वाचून मी खुर्चीतून उठलेच होते. नंतर कळलं, योजना सरकारी उच्चशिक्षण आणि संशोधन संस्थांसाठी. आमचा आप्पा त्यात कुठे बसतो?

एका कंपनीचे प्रतिनिधी ई-पुस्तकांचं ‘पॅकेज’ घेऊन आले होते. पन्नास हजार पुस्तकं म्हणे, वर्षाची एकच वर्गणी. ती वर्गणी आमच्या वर्षभराच्या ग्रंथखरेदीहून जास्त, ते सोडा. मी विचारलं, यात मराठी किती? त्यांना तेवढ्यात फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले ते गेलेच. चहा मात्र मागवून झाला होता.

तर माझ्या दोन अडचणी :

मी नेटवरून उतरवून घेतलेल्या पुस्तकांची संख्या आता साडेतीनशेवर गेलीय. यांना दाखल क्रमांक द्यायचा का? वार्षिक तपासणीला कपाटातलं पुस्तक दाखवता येतं. हे काय दाखवू?

दुसरी : नवीन मराठी पुस्तकं किंडलवर स्वस्तात मिळतात. वाचनालयाच्या नावे एक यंत्र घेऊन सभासदांना आठवडाभरासाठी द्यावं असं आमच्या कार्यकारिणीत एकाने सुचवलंय. कुणी केलंय का?

तापीकाठ

वाचनखूण साठवली. आप्पांचा शेवटचा संवाद वाचून थांबलो.

मेहरूणची बोरं

ताई, एवढी यातायात कशाला? टेलिग्रामवर जा, मराठीतलं कालपरवा आलेलं पुस्तकसुद्धा पीडीएफमध्ये पडलेलं असतं. विकतचे संशोधन लेख फुकटात हवेत तर साय-हब. दोन मिनिटांचं काम.

ग्रंथपाल (निवृत्त), धुळे

बोरंसाहेब, तुमच्या फोनवर तुम्ही काय उतरवता ते तुमच्यापाशी. पण वाचनालयाच्या संगणकावर ते ठेवलं की ते वाचनालयाचं कृत्य होतं. साय-हबवर दिल्ली उच्च न्यायालयात २०२० पासून दावा चालू आहे आणि २०२५ मध्ये संकेतस्थळ बंद करण्याचा आदेशही झाला. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने त्या वाटेला जाऊ नये.

आता मूळ प्रश्न. मी ३१ वर्षं हे काम केलं, त्यावरून सांगतो. दाखल नोंदवहीत हे अजिबात घालू नका. त्या वहीत किंमत, विक्रेता, पावती क्रमांक असे रकाने असतात, त्यात फुकट उतरवलेलं पुस्तक घातलंत की ग्रंथसंख्या फुगते आणि तपासणीत प्रश्न येतात. वेगळी वही करा. ‘डिजिटल संदर्भ नोंदवही’ किंवा जे नाव द्यायचं ते द्या. रकाने पाच पुरेत : शीर्षक, लेखक, कुठून घेतलं, कोणत्या तारखेला, आणि हक्काची (कॉपीराइटची) स्थिती. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. पहिल्या पानावर कार्यकारिणीचा ठराव क्रमांक लिहा म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

हक्काचा हिशोब : आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त. मराठी विकिस्रोतावर त्यांची पुस्तकं मिळतात, ती बिनदिक्कत ठेवा. मात्र बहिणाबाईंचा हिशोब मृत्यूवरून लावू नका. त्या १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि गाणी छापली १९५२ साली. मरणोत्तर प्रकाशनाला ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. दोन्हींत फरक फक्त एका वर्षाचा पडला, पण इतर लेखकांत तो वीस वर्षांचाही पडतो. आणि जुन्या पुस्तकाला नव्या संपादकाने प्रस्तावना, टिपा लावल्या असतील तर त्या टिपांचा हक्क वेगळा.

आणखी एक, जे फार कमी ग्रंथपालांना माहीत असतं. तुमच्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला कायद्याने मुभा आहे, २०१२ च्या दुरुस्तीपासून. कसर लागलेली पुस्तकं आधी स्कॅन करा. त्यात गावातल्या कुणी छापलेल्या पुस्तिका, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक वगैरे असतीलच. ते जगात दुसरीकडे कुठेही मिळणार नाहीत.

कपाट नंबर सात

@ग्रंथपाल (निवृत्त) : सर, पाच रकाने आजच आखले. १९६० च्या आधीच्या पुस्तिकांचा एक गठ्ठा आमच्या माळ्यावर खरंच आहे. बघते.

पुण्यात खानदेशी

मी पुण्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आहे, मूळ पाचोऱ्याचा. ताई, तुम्ही बंद म्हणता त्या दारांना खिडक्या आहेत.

जेस्टोर या संशोधन लेखांच्या संग्रहावर वैयक्तिक खातं फुकट काढता येतं आणि महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. उतरवून घेता येत नाहीत, फक्त वाचायचे. इतिहास, समाजशास्त्र, भाषा यांसाठी तेवढे कुणाला लागतात? वाचकाला स्वतःचं खातं काढायला मदत करा, तुमच्या खात्यावर सगळ्यांना बसवू नका.

ब्राउझरला ‘अनपेवॉल’ नावाचं जोडअवजार लावा. पैसे मागणाऱ्या लेखाची अधिकृत फुकट प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. लेखकाने आपल्या विद्यापीठाच्या भांडारात मसुदा ठेवलेला असतो, तो सापडतो. तेही नाही झालं तर लेखकालाच इमेल करायचं. मी गेल्या वर्षी नऊ जणांना लिहिलं, सहा जणांनी दोन दिवसांत लेख पाठवला. आपला लेख कुणीतरी पाचोऱ्यातून मागतंय याचं त्यांनाच अप्रूप.

किंडलचं मात्र करू नका. तिथलं पुस्तक विकत मिळत नाही, वैयक्तिक वापराचा परवाना मिळतो. खातं एका माणसाचं. संस्थेने ते यंत्र फिरवलं तर अटींचा भंग होतो, शिवाय परत येईल तेव्हा त्यात कुणाची काय खरेदी झालेली असेल ते तुमच्या खजिनदारांना विचारा.

स्पर्धा परीक्षा २०२६

सॉरी, पण खरं बोलू? मी अशाच एका वाचनालयात अभ्यासिकेत बसतो. आम्हा पोरांना डेटाबेस नको, चालणारं वायफाय, पंखा आणि स्वच्छतागृह पाहिजे. शोधगंगेवरचे पीएचडीचे प्रबंध कोण उघडतं?

तापीकाठ

भो, तू नाही उघडत. केळीवाले आप्पा उघडतात.

कपाट नंबर सात

@स्पर्धा परीक्षा : तुमचं चूक नाही. आमच्या अभ्यासिकेतही ३० पोरं बसतात आणि पंखे चारच. पण त्यातल्याच एकीला महाराष्ट्राच्या इतिहासावर एक संदर्भ हवा होता. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड ऑनलाइन फुकट आहेत हे तिला माहीत नव्हतं, ती त्यावरून उतरवलेली कुणाची तरी क्लासची नोट्स ३०० रुपयांना घेऊन आली होती. तीच वाक्यं, फक्त चुका नवीन. साहित्य आणि संस्कृती मंडळाचीही शेकडो पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवता येतात. आमच्या पंचक्रोशीत हे सांगणारं कुणी नाही म्हणून क्लासवाल्यांचं फावतं.

अडकलेला प्रबंध

ताई, तुमचाच शोध घेत होतो असं म्हणायला हरकत नाही. मी अहिराणीवर पीएचडी करतोय. नोकरी करून, त्यामुळे सहावं वर्ष. शोधगंगेवर ‘अहिराणी’ टाकलं की चार-दोन प्रबंध येतात आणि संपतं. एवढंच काम झालंय का?

कपाट नंबर सात

नाही हो. दोन गोष्टी बघा.

शोधगंगेवर पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, पण मराठी प्रबंधांची शीर्षकं बऱ्याचदा रोमन लिपीत चढवलेली आहेत, आणि ज्याने चढवली त्याच्या कानाप्रमाणे. अहिराणीत ‘आय’ एक की दोन, ‘एन’ की ‘एनएन’, काहीही असू शकतं. म्हणून शोधपेटीच्या नादी लागू नका. विद्यापीठ निवडा, मग विभाग निवडा, आणि यादी डोळ्यांनी खाली उतरत जा. आमच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचा मराठी विभाग मी दोन दुपारींत असा चाळला. कंटाळवाणं आहे, पण धान्य निवडल्यासारखं सापडत जातं. प्रबंध सापडला की पहिलं प्रकरण उघडू नका. तिथे प्रकरणागणिक वेगळी फाइल असते, त्यातली संदर्भसूचीची फाइल आधी उघडा. कुणीतरी पाच वर्षं घालून केलेली यादी आयती मिळते.

आणि पीडीएफच्या आत शोधायला जाल तर काही हाती लागणार नाही, कारण बरेच मराठी प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले आहेत. डोळ्यांना ‘खानदेश’ दिसतं, संगणकाला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये नसलेलं सगळं शोधपेटीच्या लेखी कोरं पान.

दुसरं. ग्रिअर्सनच्या ब्रिटिशकालीन भाषा सर्वेक्षणात बघितलंत का?

अडकलेला प्रबंध

मराठीचा खंड बघितला, सातवा. त्यात अहिराणी नाही. कोकणी, वऱ्हाडी आहे.

कपाट नंबर सात

तीच गंमत. त्यांनी तिला मराठीत घातलंच नाही. नववा खंड, भाग तिसरा, १९०७. भिल्ली भाषांच्या सोबत, ‘खानदेशी’ या नावाखाली. त्यात व्याकरणाची रूपरेषा आहे आणि उधळ्या मुलाची गोष्ट तिथल्या बोलीत दिलेली आहे. तीच एक गोष्ट त्यांनी सगळ्या बोलींत करवून घेतली, म्हणून तुलनेला सोपं जातं. आर्काइव्हवर स्कॅन आहे. शब्दांसाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा शब्दकोश, दोन्ही शोधता येतात, खात्याचीही गरज नाही.

ग्रंथपाल (निवृत्त), धुळे

अगदी बरोबर. आणि अहिराणी मराठीची बोली की गुजराती-भिल्लीच्या जवळची, हा वाद तिथूनच सुरू होतो. प्रबंधवाल्यांनी त्या वर्गीकरणावर एक प्रकरण लिहावं, मार्गदर्शक खूश होतील.

मात्र सगळं ऑनलाइन आहे असा समज करून घेऊ नका. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले, पुढच्या वर्षी मंडळ उभं राहिलं. तिथले कागद बघायचे तर एसटी पकडावी लागते. धुळ्यातल्याच समर्थ वाग्देवता मंदिर या हस्तलिखितांच्या संग्रहातली बाडंही तशीच. अमळनेरला प्रताप तत्त्वज्ञान केंद्र १९१६ पासूनचं आहे, तिथलं जुनं तत्त्वज्ञानाचं संग्रहधन कुठल्या शोधपेटीत येत नाही.

मेहरूणची बोरं

अवांतर : खानदेश की खान्देश? धाग्यात सगळे ‘खानदेश’ लिहितायत. आमच्या शाळेत ‘न्दे’ जोडाक्षर शिकवलं होतं.

पुण्यात खानदेशी

झालं. आता हा धागा दोनशे प्रतिसादांना पोचणार.

कपाट नंबर सात

बोरंसाहेब, दोन्ही शोधा. गंमत नाही, खरंच. मी कालच राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात दोन्ही रूपं टाकून पाहिली, वेगवेगळे निकाल येतात. फक्त तिथे एक लक्षात घ्या, नोंद दिसली म्हणजे पुस्तक उघडेलच असं नाही. पुष्कळदा ते दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडतं आणि ते दार बंद असतं.

मेहरूणची बोरं

बरं. टेलिग्रामचं म्हणणं मागे घेतो, जोडाक्षराचं नाही.

तापीकाठ

एक विचारू? हे सगळं आर्काइव्हच्या भरवशावर. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि कित्येक दिवस ते बंद होतं, तेव्हा तुम्ही काय केलंत?

कपाट नंबर सात

हातावर हात धरून बसले. म्हणूनच उतरवायला लागले. साडेतीनशे पुस्तकं एका हार्ड डिस्कवर आहेत आणि त्याची दुसरी प्रत माझ्या घरी, डाळीच्या डब्यांच्या मागे. वीज आमच्याकडे कधीही जाते आणि नेट त्याहून आधी जातं, तेव्हा मागणाऱ्याला लगेच दाखवता येतं. अर्थात हक्कमुक्त तेवढीच.

आप्पांचं राहिलंच. त्यांनी काकडी काढली, रोगट झाडं उपटली. यंदा टिश्यू कल्चरची रोपं घेताना विषाणू-तपासणीचा कागद मागितला, तर रोपवाटिकेवाला म्हणे हे तुम्हाला कुणी शिकवलं. त्यांनी माझं नाव सांगितलं. आता त्यांच्या गावचे आणखी दोघं पान घेऊन आलेत, पण हे पान वेगळं दिसतंय. पट्टे नाहीत, ठिपके आहेत. कुणी ओळखेल का? फोटो उद्या टाकते.

अडकलेला प्रबंध

नववा खंड मिळाला! उधळ्या मुलाची गोष्ट वाचली. आजी बोलायची तसंच आहे, दोन शब्द तर तिच्यानंतर मी ऐकलेच नव्हते. पण माझ्याकडची फाइल अर्धवट उतरलीय, शेवटची पानं कोरी येतात. तुमच्याकडे पूर्ण आहे का? मी शिरपूरला असतो, येऊ शकतो.

कपाट नंबर सात

आहे. सोमवारी बंद असतं. मंगळवारी सकाळी आठ ते अकरा या, पत्ता निरोपातून पाठवते. पेन ड्राइव्ह रिकामा आणा, मागच्या वेळी एकाने आणलेल्यात लग्नाचे व्हिडिओ भरलेले होते आणि पुसायला बायकोची परवानगी नव्हती.